सुतळीमामांचं प्रस्थान

सुतळीमामा हे नाव कोणी ठेवलं ते आता कोणालाच आठवत नाही, पण ज्याने ठेवलं त्याला फार डोकं चालवावं लागलं नसणार. चौतीस वर्षं मामा पार्सल ऑफिसच्या मागच्या खोलीत बसून पार्सलं बांधत होते. लोक खिडकीतून कसंबसं गुंडाळलेलं सामान आत सरकवायचे. मामा त्या गुंडाळीकडे आधी तुच्छतेने बघायचे, मग तिच्यावर कापड शिवायचे आणि मग सुतळी घ्यायचे. उभी दोनदा, आडवी दोनदा, कोपऱ्यांवर फास आणि मधोमध मामांची स्वतःची अशी एक गाठ. ऑफिसच्या नियमांत ती गाठ बसत नव्हती, पण तिच्याविरुद्ध बोलायची साहेबांचीही टाप नव्हती. कारण मामांनी बांधलेलं एकही पार्सल चौतीस वर्षांत वाटेत सुटलं नाही. पोचल्यावर तरी सुटलं का, याची चौकशी मामांनी कधी केली नाही.

"आपलं काम बांधायचं," ते म्हणायचे. "सोडणं हे घेणाऱ्याचं काम."

घरीही तेच. साखरेच्या डब्याचं झाकण डब्याला बांधलेलं, छत्री दाराच्या कडीला, कंगवा आरशाला आणि टीव्हीचा रिमोट खाटेच्या पायाला. आलेल्या पाहुण्याला आवाज वाढवायचा असेल तर खाटेखाली आडवं व्हावं लागायचं. पाहुणे फार वेळ थांबत नसत. मामांना वाटायचं, लोकांना हल्ली वेळच नसतो.

या घरात मामींनी संसार केला तो एका क्रोशाच्या सुईच्या जोरावर. ही सुई त्यांच्या पर्समध्ये कायम असायची आणि तिच्यामागे एक गोष्ट होती. लग्नानंतर आठव्या दिवशी दोघं फिरायला निघाले होते. थंड हवेचं ठिकाण, चार दिवस, खिडकीजवळच्या जागा. स्टेशनवर गाडी लागली तेव्हा लक्षात आलं की तिकिटं ट्रंकेत आहेत आणि ट्रंक मामांनी बांधली आहे. सात गाठी होत्या. मामा घाम पुसत पहिलीशी झटत होते, तेवढ्यात गाडी निघून गेली. परत येताना मामी वाटेतल्या दुकानात शिरल्या आणि क्रोशाची सुई घेऊन बाहेर आल्या. त्यांना विणकाम अजिबात येत नव्हतं. त्या विषयावर त्या नंतर अवाक्षर बोलल्या नाहीत आणि मामांनी समजूत करून घेतली की बायको विसरली. नवरे अशा समजुती फार लवकर करून घेतात.

निवृत्त झाल्यावर मामांना एक गोष्ट खुपायला लागली. आपण आयुष्यभर जगाच्या कानाकोपऱ्यातले पत्ते वाचले, तिकडे पार्सलं धाडली, आणि आपण स्वतः? स्टेशनपर्यंत. एका सुतळीच्या गुंड्यानेसुद्धा आपल्यापेक्षा जास्त जग बघितलंय, असं म्हणून ते सुस्कारा टाकायचे.

अशात गावच्या बंदराला इस्पितळाचं जहाज लागलं. पांढरंशुभ्र, पाच मजली, आत खाटा, ऑपरेशनची खोली, एक्स-रे, सगळं. जिथे दवाखाना नाही अशा लांबच्या बेटांवर ते जाणार होतं आणि त्याला बिनपगारी मदतनीस हवे होते. कपडे धुणारे, रंग देणारे, स्वयंपाकाला हातभार लावणारे, आणि यादीत शेवटी लिहिलं होतं, 'सामान बांधणारे'. मामांनी ती ओळ तीनदा वाचली. देवाने आपल्यासाठीच लिहिलीय असं त्यांना वाटलं. फॉर्मवर एक प्रश्न होता, 'सोबत कोणी येणार का?' मामांनी तिथे 'नाही' असं लिहिलं. मामींना बोट लागेल, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं. विचारलं मात्र नव्हतं. मग फॉर्म पाकिटात घालून पाकीट बांधलं. फोटो लावायचा राहिला म्हणून ते सोडायची वेळ आली, तेव्हा मामींनीच ते सुईने सोडून दिलं.

गल्लीने निरोपसमारंभ केला. समोरच्या गच्चीवाल्या मास्तरांनी भाषण केलं. हे मास्तर शाळेतून निवृत्त झाले होते, पण भाषणातून झाले नव्हते. "आपल्यातला एक माणूस आज सागर ओलांडून जात आहे," असं ते म्हणाले तेव्हा चार बायका रडल्या आणि मामा स्वतःही रडले. गल्लीच्या वतीने चाकांची नवी बॅग देण्यात आली, घोंगडीएवढी जाड शाल देण्यात आली, गच्चीवर सगळ्यांचा एक फोटो काढण्यात आला. मामी बंदराच्या फाटकापर्यंत आल्या. "तब्येतीला जपा," एवढंच म्हणाल्या आणि वळल्या.

जहाज गुरुवारी निघणार होतं. जेवणघरातल्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'प्रस्थान – उद्या सकाळी नऊ वाजता.'

बुधवारी कप्तानसाहेबांनी सगळ्यांना जमवून एकच गोष्ट सांगितली. "समुद्रात सुटी वस्तू म्हणजे शत्रू. लाट आली की सुटा कपसुद्धा गोळीसारखा उडतो. या जहाजावर मला सुटं काही नको." बाकीच्यांनी माना डोलावल्या. मामांच्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या मोठ्या हुद्द्यावरच्या माणसाकडून आपलंच तत्त्वज्ञान ते पहिल्यांदा ऐकत होते.

त्या दिवशी मामांनी जे केलं त्याला बांधाबांध म्हणणं म्हणजे पुराला ओल म्हणण्यासारखं आहे. खाटा भिंतींना, खुर्च्या टेबलांना, बादल्या कड्यांना, केराची सुपली केरसुणीला. संध्याकाळी कप्तानसाहेब फेरी मारायला निघाले आणि आपल्याच खुर्चीत बसायला गेले, तर खुर्ची टेबलाखालून निघेना. ते उभ्यानेच म्हणाले, "उत्तम."

आणि गुरुवारी जहाज निघालं नाही.

इंजिनाच्या पंपातला एक भाग तडकलेला निघाला. बिस्किटाच्या डब्याएवढी वस्तू, पण तिच्याशिवाय जहाज हलणार नाही. नवीन मागवली होती. इंजिनीअर म्हणाला, "दोन दिवसांत येते." फळ्यावरचं वाक्य कोणी पुसलं नाही, कारण 'उद्या' हा शब्द दुसऱ्या दिवशीही चालत होता. तिसऱ्या दिवशीही चालला. पुढे पुढे तर त्या फळ्याइतकं खरं काही जहाजावर उरलंच नव्हतं.

आता मामांची पंचाईत झाली. जहाज धक्क्याला, धक्क्यामागे रस्ता, रस्त्याच्या टोकाला त्यांची गल्ली. डेकवरून घराची गच्ची दिसायची. पण निरोपसमारंभ झालेला माणूस परत कसा जाणार? शाल घेतलेली, रडून झालेलं. एकदा सुतळी संपली म्हणून मामा तोंडाला रुमाल बांधून बाजारात गेले, तर न्हावी दुकानातून ओरडला, "अरे मामा! कधी आलात परदेशातून?" मामा सुतळी न घेताच पळत सुटले.

पाचव्या दिवशी त्यांनी घरी फोन केला.

"हं, पोचलात का?" मामींनी विचारलं.

"अजून प्रवास चालू आहे," मामा म्हणाले. "हवा छान आहे. सगळीकडे पाणीच पाणी."

"आणि तुमचा निळा शर्ट कठड्यावर वाळत घातलाय ना?"

मामांनी मागे वळून कठड्याकडे बघितलं.

"मी गच्चीत कपडे काढतेय," मामी म्हणाल्या. "बाही उलटी राहिलीय. सरळ करा, नाहीतर काखेत ओला राहील. आणि मास्तर दुर्बीण घेऊन उभे आहेत, त्यांना हात करा. रोज सकाळी सगळ्या गल्लीला ओरडून सांगतात, 'अजून आहे!' म्हणून."

मामांनी कठड्यावरून हात केला. लांबच्या गच्चीवर एक ठिपका आनंदाने उड्या मारताना दिसला.

जहाजावर लोक रिकामे बसले नव्हते. मोठ्या सिस्टर, म्हणजे परिचारिकांच्या प्रमुख, बसूच देत नव्हत्या. उंच, शिडशिडीत बाई, आवाज असा की भूल दिलेला माणूस उठून बसावा. त्यांनी रोज सराव सुरू केला. धक्क्यावरून रुग्ण उचलायचा आणि चार मिनिटांत ऑपरेशनच्या खोलीत पोचवायचा. पहिल्या दिवशी रुग्ण म्हणून मामांना झोपवलं.

मामांनी स्ट्रेचरवर पडल्या पडल्या पट्टे चाचपले. "हे असं सैल? माणूस घरंगळेल हो!" म्हणत त्यांनी खिशातून सुतळी काढली, छातीवरून घेतली, कमरेवरून घेतली, खालून फिरवली आणि शेजारच्या परिचारिकेला म्हणाले, "ताई, हे टोक जरा ओढा." ताईंनी मन लावून ओढलं. रुग्ण खरंच चार मिनिटांत ऑपरेशनच्या खोलीत पोचला, फक्त तो स्ट्रेचरवरून निघेना. सर्जनसाहेबांनी प्रयत्न केला. दोन खलाशांनी केला. मामांना स्वतःला विचारलं तर ते म्हणाले, "मी कधी सोडलेली नाही." जेवणाची वेळ झाली. मामांना आडवंच ठेवून चमच्याने सूप भरवण्यात आलं. शेवटी दोन तास दहा मिनिटांनी मोठ्या सिस्टरांनी कात्री मागवली आणि सुतळी कचाकच कापून टाकली.

मामांना तो अपमान फार लागला. आपल्यावर कात्री! दुसऱ्या दिवशी ते कप्तानसाहेबांकडे गेले आणि त्यांना त्यांच्याच वाक्याची आठवण करून दिली. "सुटा कप उडतो म्हणालात. मग सुटी कात्री उडाली तर?" कप्तानसाहेबांनी मान डोलावली. मामांनी जहाजावरची झाडून सगळी धारदार हत्यारं गोळा केली, कात्र्या, सुऱ्या, खलाशांचे चाकू, आणि खोक्यात भरून तळमजल्याच्या कोठीत बांधून ठेवली. ऑपरेशनची हत्यारं तेवढी वाचली, कारण ती निर्जंतुक करून मोहोरबंद होती. तेव्हापासून स्वयंपाकीणबाई पाव हाताने तोडायला लागल्या आणि बटाटे अख्खेच शिजायला लागले. त्या मामांच्या ताटात मुद्दाम सगळ्यात मोठा बटाटा वाढत आणि तो फोडायला काही देत नसत.

ती कोठी म्हणजे मामांच्या आयुष्यातलं शिखर होतं. धक्क्यावर येणारं प्रत्येक खोकं ते सही करून ताब्यात घ्यायचे आणि तिथे रचायचे. पट्ट्या, हातमोजे, सलाइनच्या काचेच्या बाटल्या, साबण. जड वस्तू मध्ये, हलक्या बाहेर, हा पार्सलाचा पहिला नियम. अशी त्रेसष्ट खोकी, आणि सगळ्यांभोवती एकच अखंड दोर, कुठेही जोड नाही. मामा जेवण झालं की जाऊन नुसते बघून यायचे.

इकडे इंजिनीअर रोज पार्सल कंपनीशी फोनवर भांडत होता. "पोचलं म्हणता? कोणाला पोचलं? माझ्या आजोबांना?" सतराव्या दिवशी कंपनीने वैतागून पावतीचा फोटो पाठवला. इंजिनीअर जेवणघरात फोन नाचवत आला.

"ही बघा सही! सही आहे की गांडूळ? दोनदा खाली रेघ ओढलीय शहाण्याने. ओळखतं का कोणी?"

फोन हातोहात फिरत मामांपर्यंत आला. मामांनी बघितलं आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. हे गांडूळ त्यांनी चौतीस वर्षं रोज दोनशे वेळा काढलं होतं. तारीख होती जहाजावरच्या चौथ्या दिवसाची. आणि त्यांना ते खोकं आठवलं. बिस्किटाच्या डब्याएवढं, आकाराच्या मानाने फार जड. जड, म्हणून मधोमध.

"काय हो मामा, ओळखीची वाटते का?" इंजिनीअरने विचारलं.

"लांबची वाटते," मामा पुटपुटले.

ते तडक कोठीत गेले. विचार असा की गुपचूप सोडावं, खोकं काढावं, इंजिनीअरच्या दारात ठेवावं आणि नामानिराळं राहावं. पहिल्या गाठीवर बोटं ठेवली आणि मामांना आयुष्यातलं एक सत्य कळलं. त्यांना सोडता येत नव्हतं. कुठून सुरुवात करायची हेच माहीत नव्हतं. नखं लावली, दात लावले, गाठीला विनवण्या केल्या. ती जागची हलली नाही. मामांना तिचा अभिमान वाटला आणि त्या अभिमानाची लगेच लाजही वाटली. दमून ते जमिनीवर बसले. सांगावं तर आपल्याला उतरवणार, हे उघड होतं. तेरा दिवस सगळ्यांना ज्याने ताटकळत ठेवलं त्याला कोण सोबत नेईल? मग परत ती गल्ली, ती शाल, तो न्हावी. न सांगावं तर जहाजच जाणार नाही, म्हणजे कोणीच जाणार नाही, म्हणजे निदान एकट्याची फजिती होणार नाही. खोटं कशाला बोला, मामांना हा दुसरा विचार थोडा वेळ बरा वाटला.

दुपारी कप्तानसाहेबांनी जेवणघरात सांगितलं, "बंदरवाल्यांना धक्का रिकामा हवाय. उद्या सकाळी नऊपर्यंत निघालो नाही, तर या वर्षी जाणं रद्द."

मोठ्या सिस्टर उठल्या. त्यांच्या हातात बेटांवरून आलेली यादी होती. एकशे चाळीस नावं. एरवी गडगडणारा आवाज आज साधाच होता. "ही माणसं रोज सकाळी किनाऱ्यावर येऊन बघतायत," त्या म्हणाल्या. "एका आजीबाईंना मोतीबिंदू आहे, त्यांना नातू घेऊन येतो. त्यांना दिसत नाही तरी त्या येतात. एक गृहस्थ आहेत हर्नियाचे. हसलं की दुखतं, म्हणून आठ महिने हसलेले नाहीत. त्यांच्या बायकोने लिहिलंय, घरात आम्हीही हसणं सोडलंय, त्यांना हसू येऊ नये म्हणून."

कोणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. मामांना ते घर डोळ्यांसमोर दिसलं. सगळी माणसं तोंडं आवळून बसलेली, आपल्या एका गाठीपायी. ते उभे राहिले, पण खुर्ची टेबलाला बांधलेली असल्यामुळे अर्धंच उभं राहता आलं.

"ते गांडूळ माझं आहे," ते म्हणाले.

पुढची दहा मिनिटं सांगण्यासारखी नाहीत. इंजिनीअर काय काय बोलला ते मोठ्या सिस्टरांनीसुद्धा खिडकीबाहेर बघत ऐकून घेतलं. मग सगळा जथा कोठीत उतरला.

"कापा!" इंजिनीअर ओरडला.

"कशाने?" कप्तानसाहेबांनी विचारलं. सगळ्यांचं लक्ष ढिगाच्या मधोमध असलेल्या 'धारदार' असं लिहिलेल्या खोक्याकडे गेलं.

सर्जनसाहेब म्हणाले, "माझं एखादं हत्यार..."

"हात तर लावून बघा," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "ती माणसांसाठी आहेत. दोरखंडासाठी नाहीत."

"आणि कापून चालणारही नाही," मामा हळूच म्हणाले. "दोर एकच आहे. एका जागी कापला की त्रेसष्टच्या त्रेसष्ट खाली येतील. सलाइनच्या बाटल्या काचेच्या आहेत."

"मग आता करायचं काय?" कप्तानसाहेब पहिल्यांदाच ओरडले.

मामांनी खिशातून फोन काढला. "आमच्या घरच्यांना बोलवायला हवं," ते म्हणाले.

फोनवर मामी म्हणाल्या, "काय, आता कुठे पोचलात?"

"अगं, तू ये," मामा म्हणाले. "सुई घेऊन ये."

"आलेच," मामी म्हणाल्या.

अकरा मिनिटांत त्या शिडी चढून आल्या. घरातलीच साडी, पायात घरातल्याच चपला, खांद्याला पर्स. बोट लागण्याची काही लक्षणं दिसली नाहीत. कोठीत स्टूल मागवून बसल्या, एक कप चहा सांगितला आणि दोरावरून बोट फिरवायला लागल्या, नाडी बघावी तसं.

"ही उपाशीपोटी मारलीय," त्या म्हणाल्या आणि सुई आत घातली. गाठ सुटली. "ही रागात. काय झालं होतं?"

"यांना कात्रीने कापून काढलं होतं," मोठ्या सिस्टर म्हणाल्या.

"तरीच," मामी म्हणाल्या. दुसरी सुटली. मग तिसरी, चौथी. एका गाठीपाशी मात्र त्या थांबल्या. "ही..." म्हणाल्या आणि मामांकडे बघितलं. "ही पाचव्या दिवसाची. मी फोन ठेवल्यानंतरची."

मामांनी मान खाली घातली. त्या दिवशी शर्टाची बाही सरळ करताना त्यांना एकाएकी घरची फार आठवण आली होती, हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं.

चहा संपायच्या आत बिस्किटाच्या डब्याएवढं खोकं बाहेर आलं. एकही बाटली हलली नव्हती. इंजिनीअरने खोकं पोटाशी धरलं आणि कोणाशी न बोलता इंजिनाकडे धावला.

कप्तानसाहेब मामांकडे वळले. "तुम्ही सामान आवरा. मनाने चांगले आहात, पण मला ही जोखीम नको."

"बरोबर आहे साहेब," मामा म्हणाले. भांडायला त्यांच्याकडे काही नव्हतं.

"आणि बाई," मोठ्या सिस्टर मध्येच म्हणाल्या, "तुम्ही याल का? सहा दिवसांनी आम्ही बेटावर पोचू. तिथे साठ खाटा, खुर्च्या, दिवे, बादल्या, सगळं सोडायचंय. यांनी एक चमचासुद्धा मोकळा ठेवलेला नाही. मला बांधणारे पन्नास मिळतील. सोडणारं आजवर कोणी भेटलं नव्हतं."

मामांनी मामींकडे बघितलं. त्यांना वाटलं, ही आता हसून नाही म्हणेल, दूध, गॅस, कुंड्या असं काहीतरी म्हणेल. पण मामींचा चेहरा त्यांनी कधी बघितला नव्हता असा झाला होता. ती बाई खिडकीतून समुद्राकडे बघत होती आणि तिला जायचं होतं. नुसतं जायचं नव्हतं, चाळीस वर्षं जायचं होतं. स्टेशनवर गाडी सुटली त्या दिवसापासून. ती काहीच विसरली नव्हती. मामांना एकदम इतकं वाईट वाटलं की स्वतःचं उतरणं त्यांच्या डोक्यातूनच गेलं.

"जा तू," ते म्हणाले. "फॉर्मवर मी 'नाही' लिहिलं होतं. तुला विचारायला हवं होतं, ते विचारलं नाही."

"माहितीय," मामी म्हणाल्या. "ते पाकीट मीच सोडलं होतं. वाचलंय मी."

त्यांनी चहाचा शेवटचा घोट घेतला. कप खाली ठेवला. सावकाश पदराने ओठ टिपले. मामांना वाटलं, ही मुद्दाम वेळ लावतेय, आणि ते बरोबरच होतं. चाळीस वर्षांत त्यांनी एवढं तरी सोसायला हवंच होतं.

"येते मी," मामी मोठ्या सिस्टरांना म्हणाल्या. "पण परत येताना हे सगळं पुन्हा बांधणार कोण? मी गाठ मारत नाही. मारायची म्हटलं तरी हात वळत नाही माझा. आणि यांना घरी एकटं ठेवलं तर परत आल्यावर मला माझ्याच घराचं दार उघडायला आठवडा लागेल."

मोठ्या सिस्टर कप्तानसाहेबांकडे बघून म्हणाल्या, "एका अटीवर. बाई बाजूला उभ्या असल्याशिवाय यांनी सुतळीला हात लावायचा नाही."

कप्तानसाहेबांनी सुस्कारा सोडला. "सुऱ्या तेवढ्या आधी बाहेर काढा," ते म्हणाले. "आज मला बटाटा चिरून हवाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता जहाज निघालं. फळ्यावर 'उद्या' तसंच राहिलं होतं, ते पुसायची आठवण कोणाला झाली नाही. गल्लीने दुसरा निरोपसमारंभ करायला साफ नकार दिला होता, पण मास्तर दुर्बीण घेऊन गच्चीत होते. धक्का आणि जहाज यांच्यामध्ये पाणी दिसायला लागलं तसे त्यांनी सवयीने ओरडायला तोंड उघडलं आणि काय ओरडावं ते न सुचून तसंच उघडं ठेवलं. कठड्याशी निळ्या शर्टाशेजारी एक हिरवी साडी होती.

मामा कठडा घट्ट धरून उभे होते. जमीन मागे चालली होती. खरंच चालली होती.

"आपली ओळखपत्रं?" त्यांनी दचकून विचारलं.

"माझ्याकडे आहेत," मामी म्हणाल्या आणि पर्स दाखवली. पर्सची चेन सताड उघडी होती, आत दोन ओळखपत्रं आणि सुई दिसत होती. मामांचा हात आपोआप चेनकडे गेला. मामींनी त्या हातावर फटका मारला.

"राहू दे उघडी," त्या म्हणाल्या.

मामांनी हात मागे घेतला. तो कुठे ठेवावा हे त्यांना कळेना, म्हणून त्यांनी तो मामींच्या हातात दिला. मामी समुद्राकडेच बघत होत्या, पण त्यांनी तो धरून ठेवला.